छोड म्हणेपर्यंत

सकाळी पावणेदहाला भिंतीवरच्या वायफायच्या डब्यानं अय्युबभाईंना आईवडिलांची परवानगी घेऊन यायला सांगितलं. अय्युबभाईंचं वय एकोणसत्तर. वडील इंदापूरच्या कब्रस्तानात बत्तीस वर्षांपासून, आई त्यांच्या शेजारी सव्वीस वर्षांपासून. मोबाइलच्या काचेवर एक गुबगुबीत अस्वल डोळे मिटून चंद्राला टेकलं होतं आणि त्याच्याखाली इंग्रजीत लिहिलं होतं की आत्ता तुझी इंटरनेटची वेळ नाही, वेळ वाढवून हवी असेल तर आपल्या पालकांना विचार. टेलिफोन खात्यात चौतीस वर्षं काढलेल्या माणसाला एवढं इंग्रजी येतं. त्यांनी ते दोनदा वाचलं, चष्मा काढून सदऱ्याला पुसला, तिसऱ्यांदा वाचलं. चष्म्यात काही बिघाड नव्हता. अस्वल तसंच हसत झोपलेलं होतं.

ते काही करमणुकीला बसले नव्हते, लाइन तपासत होते. सकाळी डाळजहून द्वारकाबाईंचा साधा फोन आला होता. द्वारकाबाई म्हणजे संभाजीची बायको, आणि संभाजी म्हणजे इंदापूरच्या एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं टेस्ट डेस्कवर बसलेला माणूस, ज्याच्या आवाजावर अय्युबभाई खांबावर चढले आणि ज्याच्या आवाजावर उतरले. दोन वर्षांपूर्वी त्याला अर्धांगाचा झटका आला आणि नेमका आवाजच गेला. उजवा हात तेवढा राहिला. तेव्हापासून रोज अकरा वाजता द्वारकाबाई मोबाइल खाटेच्या कठड्याला बांधून द्यायच्या, इकडे बारामतीत अय्युबभाई खुर्ची ओढून बसायचे आणि तासभर एकटेच बोलायचे. संभाजी बोटानं कठड्यावर टिचकी मारायचा, एक म्हणजे होय, दोन म्हणजे नाही. साध्या फोनवर ते जमत नाही, आवाज नसलेल्या माणसाचा चेहरा दिसावा लागतो. आणि गेले अठरा दिवस तो चेहरा दिसला नव्हता. मोबाइलमधलं नेट शाहिदनं, त्यांच्या मुलानं, आधीच काढून टाकलं होतं, नुसतं बोलण्यापुरतं रिचार्ज ठेवलं होतं. राहिलं घरातलं वायफाय. ते का लागत नाही असं विचारलं की शाहिद बूट चढवता चढवता म्हणायचा, "नेट स्लो हाय अब्बा, कंपनी बघतीय." अय्युबभाईंनी मान्य केलं होतं, द्वारकाबाईंनाही तेच कळवलं होतं. लाइन कधी कधी बसते, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? पण सकाळी द्वारकाबाई म्हणाल्या, "अय्युबभाऊ, तुमी रागावला का वो आमच्यावं? रोज अकराला मोबाइलकडं टक लावून बसत्यात. दोन दिस झालं, ताट म्होरं केलं की कठड्यावं दोनदा मारत्यात. जेवायचं न्हाय म्हंत्यात." त्यावर अय्युबभाई पहिल्यांदाच मोबाइलवर गुगल उघडून लाइन तपासायला बसले, आणि लाइन अगदी ठणठणीत निघाली. बंद नेट नव्हतं. बंद ते स्वतः होते.

अठरा दिवस. लाज आधी की राग आधी हे त्यांना ठरवता येईना. खात्यात असताना त्यांनी शेकडो लाइनी कापल्या होत्या, पण एकही चोरून कापली नव्हती. आधी चिठ्ठी जायची, मग दारात उभं राहून सांगायचं, शेटजी, कापतोय. शिव्या खायच्या, वर चढायचं आणि कापायची. पिंपळीच्या एका बागायतदारानं तर कुत्रं सोडलं होतं अंगावर. पण न सांगता लाइन कापणं म्हणजे चोरी, आणि कापून वर नेट स्लो आहे म्हणणं म्हणजे चोराच्या उलट्या बोंबा. हे त्यांनी शाहिदला कधी शिकवलं नव्हतं का? शिकवलं नसेल. मुलांना आपण सायकल शिकवतो, नमाज शिकवतो, ज्या गोष्टी आपल्याला श्वासासारख्या वाटतात त्या सांगायच्या राहून जातात. तो लहान असताना तापात फणफणला की त्याला खांद्यावर टाकून ते एक्स्चेंजच्या खोलीत फिरवायचे, तिथे यंत्रांची टकटक चालायची आणि पोरगं त्या आवाजात शांत झोपायचं. आज तोच पोरगा पणदऱ्याच्या बाजूला एका कंपनीत शंभर कॉम्प्युटर सांभाळतो, सून तिकडेच हिशेबनीस आहे, दोघं आठला घर सोडतात. आणि जाताना बापाला अस्वलाच्या हवाली करून जातात.

"काय झालं?" बेगम आतून लसूण सोलत आली. हे तिचं खरंच नाव होतं. लग्नानंतर वर्षभर लोकांना वाटायचं, लाइनमन बायकोला नवाबासारखी हाक मारतो. अय्युबभाईंनी मोबाइल तिच्यापुढे धरला. तिनं अस्वल पाहिलं, लिहिलेलं तिला वाचता येत नव्हतं, तरी तिनं नजर लगेच काढून घेतली. एवढंच पुरे झालं. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात कुठली नजर कुठं वळते हे माणसाला पाठ होतं.

"तुला ठावं हुतं."

"व्हय," ती म्हणाली. लसणीची साल बोटानं काढत राहिली. "मीच म्हनलं त्याला. काय तरी कर म्हनलं. त्या दिशी तुमाला बघितलं न्हवं मी? हात जोडून बसला हुता."

त्या दिवसाबद्दल घरात कुणी बोलत नव्हतं. तो दिवस पाहुण्यासमोर झाकलेल्या भांड्यासारखा होता, सगळ्यांना ठाऊक, कुणी झाकण काढत नाही. पण अय्युबभाईंच्या डोक्यात तो रोज पहिल्यापासून चालू व्हायचा. फोन वाजला, त्यांनी उचलला. पडद्यावर खाकी वर्दी, मागे झेंडा, टेबलावर फायलींची चळत. हिंदी बोलणारा, घोगरा, घाई नसलेला आवाज. तुमच्या नावाच्या पार्सलात काहीबाही सापडलंय, चौकशी चालू आहे, तुम्ही अटकेत आहात, आहात तिथेच बसा. आणि मग तो म्हणाला, "जब तक मैं ना बोलूँ, लाइन नहीं छोड़ना." झालं. तिथून पुढचे तीन तास दहा मिनिटं अय्युबभाई त्या खुर्चीवर बसून राहिले. बेगम चहा घेऊन आली तेव्हा त्यांनी ओठावर बोट ठेवून तिला परत पाठवलं. लघवीला जायची परवानगी मागितली. मागितली! वर्दीवाल्यानं मोबाइल मोरीच्या दाराकडे तोंड करून ठेवायला लावला, तोही त्यांनी ठेवला. पासबुक आणून समोर धरणार इतक्यात लाइट गेली, वायफायचा डबा विझला आणि वर्दी नाहीशी झाली. आणि पुढे जे घडलं ते आठवलं की अय्युबभाईंना स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटे. त्यांनी परत फोन लावला. सुटल्याचा आनंद नाही, संशय नाही, काही नाही. लाइन मध्येच तुटली, समोरचा माणूस वाट बघत असेल, एवढंच त्यांच्या मनात होतं. बेगम दारात उभी राहून बघत होती आणि हे पुन्हा पुन्हा त्याच माणसाला शोधत होते. पैसा गेला नाही. गेलं ते दुसरंच काहीतरी, आणि ते बेगमनं जाताना पाहिलं.

डॉक्टरनं शाहिदला सांगितलं, वयानं असं होतं. शाहिदला ते पटलं, कारण वय हे सोपं उत्तर आहे. पण अय्युबभाईंना ठाऊक होतं की यात वयाचा काही संबंध नव्हता. ते पस्तीस वर्षांचे असते तरी बसून राहिले असते. उलट पस्तिसाव्या वर्षी जास्तच निमूट बसले असते. लाइनमनचा एक कायदा असतो, कुठल्या पुस्तकात न लिहिलेला. खांबावरचा माणूस टेस्टिंगचा फोन तारेला लावतो, तिकडे डेस्कवरचा माणूस लाइन तपासतो, आणि डेस्क जोवर "छोड" म्हणत नाही तोवर खांबावरच्यानं तार सोडायची नाही. का, कशाला, किती वेळ, हे विचारायचं नाही. डेस्कला दिसतं ते खांबाला दिसत नाही. साल एक्याण्णव, डाळजच्या पुढे हमरस्त्याच्या कडेला, वैशाखातली दुपार. अय्युबभाई खांबावर, कमरेला पट्टा, कानाला फोन. इंदापूरच्या डेस्कवर संभाजी. मध्येच संभाजीचा आवाज बदलला. म्हणाला, "अय्युब, आता नीट ऐक. वीजवाल्यांचा फोन आलाय. त्यांची तार तुटून तुझ्या खांबाच्या ताणाच्या तारेवर पडलीय. पाय खाली घ्यायचा न्हाय. कुठं हात लावायचा न्हाय. मी छोड म्हनेपातूर लाइन सोडू नको." आणि मग दीड तास तो बोलत राहिला. बोलला काय, तर त्याच्या म्हशीला रेडी झाली ती, भिगवणच्या मासळीचं कालवण मिळमिळीत होतं का तिखट ते, द्वारकाबाई माहेराहून लोणच्याची बरणी आणताना एसटीत कशा विसरल्या ते. अय्युबभाईंच्या मांड्या बधिर झाल्या, घाम डोळ्यांत उतरला, पट्टा कमरेत रुतला, एकदा तर वाटलं की आता काय व्हायचं ते होवो, उतरतो. कानात संभाजी म्हणत होता, "हायस न्हवं?" आणि हे म्हणत होते, "हाय." वीज बंद झाल्याचा निरोप आल्यावर तो म्हणाला, "छोड." अय्युबभाई उतरले आणि खांबाच्या बुडाशी ओकले. त्या दिवसापासून त्यांच्या अंगात एक गोष्ट हाडापर्यंत गेली. लाइनीवरचा आवाज सोडू नको म्हणतो तेव्हा तो आपला जीव वाचवत असतो. वर्दीवाल्याला हे काय माहीत! त्याचा दगड अंधारात फेकलेला, पण नेमका तिथं लागला जिथं संभाजी बसलेला होता. अय्युबभाई त्या चोराला भ्यायले नव्हते. त्यांनी त्याच्यावर विश्वास ठेवला होता, आणि हे भिण्यापेक्षा वाईट होतं, आणि हे कुणाला सांगायची सोय नव्हती.

"संध्याकाळी शाहिद आला की बोलू," बेगम म्हणाली. "सांगू त्याला, संभाजीभाऊंपुरतं चालू कर म्हणून. करंल की. वाईट न्हाय पोरगं."

"परवानगी मागू?"

"मागायला काय जातंय?"

"मोरीत जायला मागितली हुती त्या दिशी," अय्युबभाई म्हणाले. "आता परत न्हाय." आवाज चढला नव्हता, पण बेगमच्या हातातली लसूण थांबली. ते उठले, भिंतीपाशी गेले, चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी डब्याच्या बुडाची चिकटपट्टी वाचली. तिथे पत्ता होता, १९२.१६८.१.१. हा डब्याचा स्वतःचा नंबर. या नंबरावर गेलं की डब्याच्या आतला कारभार उघडतो, हे त्यांना वर्षापूर्वी डबा बसवायला आलेल्या माणसाच्या खांद्यावरून बघून ठाऊक होतं. बाहेरचं जग मोबाइलला बंद असलं तरी डब्यापर्यंतची वाट उघडीच असते. एक्स्चेंज कापतं ती बाहेरची लाइन, आतली घंटी वाजतच राहते. त्यांनी नंबर घातला. पान उघडलं. नाव आणि पासवर्ड. चिकटपट्टीवरचा पासवर्ड घातला, चुकीचा. शाहिदनं बदलला होता, बदलणारच, धंदाच त्याचा. शाहिदच्या लग्नाची तारीख घातली, चूक. नातवंडं नव्हतीच, तो प्रश्न मिटला. गाडीचा नंबर, चूक. आणखी दोन घातले, पाचव्या चुकीला पानानं सांगितलं की आता थांब, थोड्या वेळानं ये. या घरात आज जो तो त्यांना थांब म्हणत होता.

थांबले. थांबता थांबता डब्याच्या पाठीकडे बघत राहिले. पाच मोठी भोकं तारांसाठी, आणि कोपऱ्यात एक इवलंसं भोक, टाचणीच्या टोकाएवढं. टाचणी आत दाबून दहापर्यंत मोजायचं, की डबा कारखान्यातून आला तसा कोरा होतो. शाहिदचा पासवर्ड जातो, अस्वल जातं, त्यांना ज्यात टाकलं होतं ती मुलांची यादी जाते. पण त्याबरोबर बाहेरच्या लाइनीचं नाव आणि तिचा गुप्त शब्दही जातो, तो नसला की घर मुकं. शाहिद घरी येईपर्यंत मुकं, आणि आल्यावर तो काय बोलणार ते शब्द न शब्द ठाऊक होतं. पाहिलंत अम्मी, मी म्हणत नव्हतो? एक चूक आणि डॉक्टरचं म्हणणं कायमचं खरं. अय्युबभाईंनी कपाटाचं दार उघडलं. दाराच्या आतल्या बाजूला, बेगमच्या औषधांच्या वेळापत्रकाखाली, पेन्सिलीनं दोन ओळी लिहिलेल्या होत्या. डबा बसवणाऱ्याला त्यांनी त्या दिवशी हट्टानं विचारून त्या लिहून घेतल्या होत्या. तो हसला होता, म्हणाला, काका, आता कोण लिहितं असं? पण लाइनमन पेटी बसवतो तेव्हा झाकणाच्या आत तारांच्या जोडीचे आकडे पेन्सिलीनं लिहितो. शाई उन्हानं उडते, माणसाची बदली होते, पेन्सिल राहते. पुढच्या माणसाला तिथं कुणाला विचारावं लागता कामा नये.

"टाचणी दे," ते बेगमला म्हणाले.

बेगम हलली नाही. "आणि बिघडलं म्हंजी?"

"मग बिघडंल."

"आणि पुन्हा तसला फोन आला म्हंजी?"

हा खरा प्रश्न होता आणि तो तिनं सरळ विचारला, म्हणून त्यांना तिच्याबद्दल एकदम माया वाटली. शाहिदनं तो अठरा दिवसांत एकदाही विचारला नव्हता. ते खुर्चीवर टेकले. "आमच्यात एखादा खांबावरनं पडला ना," ते म्हणाले, "तर दुसऱ्या दिशी पहिला खांब त्याला. हात मोडला असंल तर हात सांधल्यावर, पण पहिला त्यालाच. न्हाय चढवला तर तो जन्मात चढत न्हाय. मी पडलोय, बेगम. व्हय म्हणतोय मी. तुज्यासमोर पडलो. पण मला बाळाच्या पाळण्यात घालून वरनं जाळी बांधली, ह्याला काय इलाज म्हणत्यात? येऊ दे फोन. मला एकदा चढू द्या की."

बेगमनं लसणीचे हात पदराला पुसले आणि खांद्यावरची, पदर अडकवायची पिन काढून त्यांच्या तळहातावर ठेवली. पदर घसरला तो तिनं काखेत दाबून धरला आणि तशीच उभी राहिली.

एक, दोन, तीन. पिनेच्या टोकाखाली काहीतरी बारीक दबलं. सहा, सात. दहाला सगळे दिवे एकदम गेले. घर इतकं गप्प झालं की रस्त्यावरचा उसाचा ट्रॅक्टर घरात आल्यासारखा वाजला. मग एक दिवा लागला. मग दुसरा. तिसरा, पृथ्वीच्या चित्राचा, लाल होऊन थांबला. बाहेरची लाइन मेलेली. मोबाइलमध्ये डब्याचं जन्माचं नाव दिसायला लागलं, चिकटपट्टीवर छापलेलं, लांबलचक आणि अर्थ नसलेलं. अय्युबभाई त्याला जोडले गेले, पुन्हा तो नंबर घातला, चिकटपट्टीवरचा पासवर्ड घातला, आणि कारभाराचं दार बिनतक्रार उघडलं. आत सगळं रिकामं होतं. रिकामे रकाने, रिकाम्या याद्या. त्यांना बरं वाटलं, नव्या एक्स्चेंजच्या खोलीत पहिल्या दिवशी वाटायचं तसं, एकही तार ओढलेली नाही, सगळी भिंत आपली. ते बाहेरच्या लाइनीच्या पानावर गेले. डबा विचारत होता की लाइन कशी जोडायची, त्यांनी बसवणाऱ्यानं निवडलेला पर्याय आठवून तोच निवडला. कपाटाच्या दारावरचं नाव एकेक अक्षर मोठ्यानं म्हणत घातलं, बेगम दारापाशी उभी राहून, वाचता येत नसताना, पेन्सिलीच्या ओळीवर बोट धरून होती. गुप्त शब्द घातला. जतन करा. पृथ्वी लालच.

घड्याळात दहा बत्तीस. पुन्हा घातलं, पुन्हा लाल. डॉक्टरचं वाक्य आलं, वयानं होतं असं. ते त्यांनी येऊ दिलं. मग टेस्ट डेस्कची जुनी सवय कामाला आली: लाइन लागत नाही तेव्हा शेवटी केलेलं काम आधी तपासायचं, जगाला दोष नंतर. गुप्त शब्दाच्या शेजारचं डोळ्याचं चिन्ह दाबून त्यांनी स्वतः काय लिहिलंय ते उघडून पाहिलं. पहिलं अक्षर मोबाइलनं आपल्या शहाणपणानं मोठं करून ठेवलं होतं. ते लहान केलं. पृथ्वी विझली, दोनदा लुकलुकली आणि हिरवी झाली. "लागली," बेगम पुटपुटली, आणि तिच्या आवाजात तिला नको असताना आनंद होता.

पुढचं काम त्यांनी सावकाश केलं, मजा घेत. वायफायला जुनंच नाव दिलं आणि जुनाच पासवर्ड, म्हणजे घरातली यंत्रं आपापली परत येतील, कुणाला काही विचारायला नको. यादीचं पान उघडून बसले. दारावरचा कॅमेरा आला. टीव्ही आला. गाई गोठ्यात परततात तशी एकेक ओळ वाढत गेली, आणि एक ओळ त्यांची स्वतःची होती, टीव्हीच्या खाली, कॅमेऱ्याच्या वर, बाकीच्यांसारखीच. मुलांचं पान वेगळं होतं. तेही उघडलं. कोपऱ्यात तेच अस्वल, यावेळी जागं, आणि खाली एकच वाक्य: अजून एकही मूल जोडलेलं नाही. शेजारी अधिकचं चिन्ह. अय्युबभाईंचं बोट त्या चिन्हावर गेलं. शाहिदचा मोबाइल संध्याकाळी सहाला दारातून आत येईल, यादीत उगवेल, आणि त्याला उचलून या पानात टाकायला दोन टिचक्या पुरतील. रात्री जेवल्यावर तो सोफ्यावर पाय टाकून मोबाइल उघडेल आणि अस्वल त्याला म्हणेल, आपल्या पालकांना विचार. त्याचे पालक तर समोरच बसलेले असतील! ही कल्पना इतकी गोड होती की ते एकटेच हसले. बेगमनं काय म्हणून विचारलं, त्यांनी सांगितलं, तीही तोंडाला पदर लावून हसली. मग त्यांनी बोट काढून घेतलं. न सांगता कापायची नाही. कायदा तो कायदा, पोटच्या पोरालाही. कारभाराच्या दाराला मात्र त्यांनी नवा पासवर्ड घातला, आणि पेन्सिल घेऊन तो कपाटाच्या दारावर मोठ्या अक्षरांत लिहिला, शाहिदलाही दिसेल असा, बेगमलाही, येणाऱ्याजाणाऱ्यालाही.

दहा पंचावन्नला शाहिदचा फोन आला. साधा फोन, डब्यातून नाही. "अब्बा, मगाशी राउटर बंद पडल्याचा मेसेज आला मला. आणि आता मला आत घेत न्हाय. तुमी हात लावला का?"

"लावला."

"या खुदा. कशाला? काय दाबलं?" मागे कुणीतरी बोलत होतं, शाहिदनं त्याला गप्प केलं. मग त्याचा आवाज बदलला, मऊ झाला, आजाऱ्याशी बोलतात तसा. "बरं, असू द्या. घाबरू नका. आता मी सांगतो तसंच करायचं. मधी काय विचारायचं न्हाय. आणि मी सांगेपातूर फोन ठिवायचा न्हाय, लाइनीवरच ऱ्हायचं. समजलं?"

अय्युबभाईंनी डोळे मिटले. आयुष्यात तीन आवाजांनी त्यांना हे सांगितलं होतं. एकानं ते खांबावर असताना सांगितलं, आणि दीड तास म्हशीच्या गोष्टी बोलून जिवंत उतरवलं. दुसऱ्यानं चोरीसाठी सांगितलं. हा तिसरा त्यांचा स्वतःचा, याच्या आवाजात कळकळ होती, खोट नव्हती, आणि तरी हात आपसूक खुर्चीच्या दांड्याकडे गेला, पाय जुळले, पाठ ताठ झाली. अंग पुन्हा त्या दिवसासारखं बसायला निघालं होतं. ते त्यांना कळलं. कळलं, आणि ते उठून उभे राहिले.

"डबा चालू हाय," ते म्हणाले. "नवीन पासवर्ड कपाटाच्या दारावं लिवलाय. मुलांच्या यादीत आता कोन न्हाय. तुला मला परत त्यात घालायचं आसंल तर घाल, पन माज्या तोंडावं सांगून घाल."

"अब्बा, तुमाला त्रास द्यायला केलं का मी? त्या दिशी लाइट गेल्यावर तुमी सोता परत फोन लावत हुता त्याला! तुमाला कळतंय का—"

"लावत हुतो," अय्युबभाई म्हणाले. बेगमकडे बघत म्हणाले. "व्हय. मीच लावत हुतो. तुजं म्हननं खरं हाय. पन अठरा दिस संभाजी उपाशी नजरंनं बघत बसला, आनि तू मला नेट स्लो हाय म्हनलास. मी खोटं कुनाशी बोललो न्हवतो रं त्या दिशी."

मोबाइल थरथरला. काचेच्या वरच्या कडेला डाळजचं नाव आलं, द्वारकाबाईंचं, शेजारी छोट्या कॅमेऱ्याचं चिन्ह. अकरा वाजले होते. अठरा दिवस काही लागलं नाही तरी तिकडून कुणीतरी रोज अकराला लावत होतं.

"अब्बा, मी निघतोय," शाहिद म्हणाला, घाईघाईनं. "अर्ध्या तासात घरी येतो. तवर काय करू नका. फोन चालूच ठिवा, ठिवू नका, ऐकताय न्हवं? लाइन सोडू नका."

"शाहिद," अय्युबभाई म्हणाले. "छोड."

"काय?"

त्यांनी फोन ठेवला. एकोणसत्तर वर्षांत पहिल्यांदा समोरच्याच्या आधी. अंगठा लाल बटणावर नीट पडला. मग खुर्ची ओढली, चष्मा खाली घेतला आणि हिरवं बटण दाबलं. खाटेच्या कठड्यामागे संभाजीचा चेहरा आला, वाळलेला, एका बाजूला ओढलेला, दाढी वाढलेली. तो बघत राहिला. बहुधा त्यालाही खरं वाटत नसावं.

"खांबावरनं अय्युब बोलतोय," अय्युबभाई म्हणाले. "हायस न्हवं?"

संभाजीनं बोट उचललं आणि कठड्यावर एकदा टिचकी मारली. शाहिदचा फोन पुन्हा येत होता. त्यांनी तो येऊ दिला.